डाव्या बाजूची मी

हे जाऊन पाच आठवडे झाले. दुपारी जेवून झोपले ते उठलेच नाहीत, एवढंच मी भेटायला येणाऱ्यांना सांगते. बाकीचं सांगायची भीती वाटते.

दीड वर्षापूर्वी ह्यांना लकवा झाला, डावं अंग लुळं पडलं. दवाखान्यातून मनीषनगरच्या घरी आणल्यावर मात्र भलतंच सुरू झालं. ताटातली भाजी, वरण-भात चाटूनपुसून खायचे. डावीकडचा ठेचा, कोशिंबीर जशीच्या तशी. ठेच्यावर जीव टाकणारा माणूस! दाढीसुद्धा एकाच गालाची करायचे. आणि मी शेजारी बसलेली असताना दाराकडे पाहून हाक, "सुमे, कुठं गेली वं?" मी ओरडायची, "अहो, इथंच आहो ना मी!"

नवऱ्याच्या डाव्या अंगाला निजायचं, हे सासूबाईंनी लग्नात सांगितलेलं. सव्वीस वर्षं तिथंच निजले, आजारपणातही. हात लावला अन् पुन्हा काही झालं तर... म्हणून अंग चोरून. हे पाठ फिरवून पडायचे. मला वाटलं, नकोशी झाले. एक दिवस भडकलेच, "एवढा काय राग आहे माझा?" आवाज कुठून आला हेच त्यांना कळेना. रडायला लागले. "तू वेगळी काहून झोपून राहिली? किळस येते ना तुले माझी?"

व्यायाम घ्यायला येणाऱ्या ताईंनी उलगडा केला. मेंदूला मार बसल्यानं ह्यांच्यापुरती डावी बाजू उरलीच नव्हती. दिवसा डावीकडून हाका मारून तिकडं पाहायला लावा, म्हणाल्या. निजताना उजवीकडे जा. "आणि... जवळ गेलं तर चालतं?" मी खाली बघत विचारलं. त्यांनी डॉक्टरांना विचारायला लावलं. डॉक्टर म्हणाले, बीपी ताब्यात आहे, पाय सुधारलाय, कठड्याला धरून जिना चढतात, खुशाल जा.

मी उजवीकडे निजले. ह्यांनी चांगल्या हातानं माझं तोंड चाचपलं. "आली का वं?" त्यानंतरचं सुख तरुणपणीही मिळालं नव्हतं, सांगायला लाज कसली! दिवसा मात्र हाका मारून माझा घसा बसायचा, मान काही डावीकडे वळायची नाही.

त्या दुपारी कूलरचं पाणी उजवीकडे उडत होतं, म्हणून मी डावीकडे पाठ टेकली. जाग आली ती मनगट जड झाल्यानं. दीड वर्ष न हललेला डावा हात माझ्या मनगटावर होता, गार. मान माझ्याकडे वळलेली, डोळे उघडे.

लेक म्हणते, झोपेत तूच हात ओढला असशील. असेलही. पण मान?

ते डोळे मिटायला मी फार वेळ लावला. हे माझ्याकडे बघत होते... मी बघू दिलं.