‘घरात कुणालाच नाही’

“हा आजार मनाचा नाही, थायरॉइडचा आहे,” नवीन डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि मला रडूच फुटलं. त्यांना वाटलं, मी घाबरले. घाबरते कसली, मी संतापले होते. आठ महिने वाया गेले होते माझे!

ही ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पेनसिल्व्हेनियातल्या एका लहान गावात मी केमिस्ट्रीत पीएचडी करत होते. पहिल्या हिवाळ्यात थंडी सगळ्यांनाच वाजते, पण मी मे महिन्यातही लॅबमध्ये स्वेटर घालून बसायचे. केस पुंजक्यांनी गळत, भूक नसताना वजन वाढे. वाचलेलं पान उलटेपर्यंत डोक्यातून जायचं. रूममेट वैशाली नागपूरची. ती म्हणायची, “यार, हीटर फुल केलाय, अजून किती ब्लँकेट्स घेशील? डॉक्टरला दाखव ना!”

दाखवलं. पहिल्या डॉक्टरांनी मला हातही न लावता निदान केलं, होमसिक. दुसऱ्या खेपेला म्हणाले, “तुमच्याकडच्या मुलींना इथे ॲडजस्ट व्हायला वेळ लागतो.” तिसऱ्या खेपेला डिप्रेशन ठरलं आणि झोपेच्या गोळ्या मिळाल्या. आधीच मी दिवसाचे चौदा तास झोपत होते! क्वालिफाइंग एक्झाम, म्हणजे पीएचडीत टिकण्यासाठीची परीक्षा, त्यातही मी नापास झाले. आता एकच संधी उरली होती. ती गेली की गाशा गुंडाळून परत.

दर वेळी फॉर्मवर फॅमिली हिस्टरी विचारलेली असे, म्हणजे घरात कुणाला काय आजार आहेत. थायरॉइडपुढे मी दर वेळी ठामपणे ‘नाही’ लिहिलं. डॉक्टर ते वाचायचे आणि पुढे सरकायचे.

चौथ्या वेळी नेहमीचे डॉक्टर सुट्टीवर होते, म्हणून या बाई भेटल्या. त्यांनी मागे उभं राहून माझा गळा चाचपला, पाणी गिळायला लावलं. मग टीएसएच ही रक्ततपासणी केली. थायरॉइड ग्रंथी सुस्तावली की तिला कामाला लावण्यासाठी मेंदूकडून एक द्रव्य सुटतं, ते किती आहे हे या तपासणीत कळतं. माझं भलतंच वाढलेलं निघालं. हायपोथायरॉइडिझम, म्हणजे मंदावलेली थायरॉइड. इलाज काय, तर रोज सकाळी उपाशीपोटी एक बारीकशी गोळी!

रविवारी घरी फोन लावला. आईनं गोळीचं नाव दोनदा विचारून घेतलं. मग हळूच म्हणाली, “मीही तीच घेते गं.”

लहानपणापासून पाहत आले होते. चहाच्या आधी आई एक ‘शक्तीची गोळी’ घ्यायची.

“तुम्हा दोघींची लग्नं व्हायची होती. बाहेर कळलं असतं तर स्थळं आली असती का? आता तूही कुठे बोलू नकोस. सुमीचं बघायचं चाललंय.”

डॉक्टर परके होते, त्यांना माझी काय पडलेली असणार? पण आईनं ज्या मुलींसाठी आजार लपवला, त्यांनाच तो सांगितला नाही! मी फोनवर ओरडले. त्याची लाज मला आजही वाटत नाही.

धाकटी सुमी घरात ‘आळशी’ म्हणून प्रसिद्ध होती. मी तिलाच पत्र लिहिलं, तपासणीचं नाव ठळक अक्षरांत. कुणाला न विचारता जा, असं बजावलं.

गोळीनं दोनेक महिन्यांत डोकं ताळ्यावर आलं. परीक्षा पास झाले. त्या बाईंचे उपकार मी विसरणार नाही. पण तुम्हाला एक सांगते. डॉक्टरकडे जाण्याआधी आईला, मावशीला, आत्याला खडसावून विचारा, रोज सकाळी काय गिळता? ‘शक्तीचं आहे’ म्हणाल्या तर सोडू नका.

सुमीचं उत्तर आलं. “ताई, माझं तुझ्याहून जास्त निघालं. बघायला आलेल्यांना मीच सांगून टाकलं. चहा न घेता गेले. आई दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या काकू बसल्या होत्या, त्यांच्या देखत तिनं मला हाक मारली, सुमे, ऊठ, आपली थायरॉइडची गोळी घ्यायची राहिलीय.”