खिशातला पिवळा रुमाल

काल नातीनं गळ्यात पिवळा रुमाल बांधला आणि मला शारजातली माझी बस आठवली. मंदीत आमची बांधकाम कंपनी खलास झाली, तेव्हा मी मुलींच्या कॉलेजची बस चालवत होतो. शाळा माझी चौथीपर्यंतच, पण माझ्या बसमध्ये कुणाचा चहा कधी सांडला नाही.

कॉलेजात मुलींचे गट होते. वर्षाच्या सुरुवातीला ते नव्या मुली निवडत. पुण्याची मेधा नव्या मुलींना धीर द्यायची, गट निवडायला मदत करायची, पण निवड होईपर्यंत तिचा स्वतःचा गट कुणाला कळता कामा नये, असा नियम. म्हणून गटाचा पिवळा रुमाल तिनं माझ्याकडे ठेवला होता.

"चाचा, तोंड बंद हं!"

"मी रत्नागिरीचा आहे. जीभ कापली तरी बोलणार नाही."

निवडीच्या शेवटच्या दिवशी सकाळी लाजाळू नसरीन पुढच्या सीटवर रडत होती. "मला कुणी घेणारच नाही. दीदी, कुठल्या गटात नाव देऊ?"

मेधा म्हणाली, "जिथं तुला हसू आलं, तिथं."

दगड आहे ही मेधा, असं मला वाटलं. खिशातल्या रुमालाला मोगऱ्याच्या तेलाचा वास येत होता आणि माझी जीभ नुसती वळवळत होती.

संध्याकाळी नसरीन धावत आली. "चाचा, पिवळ्यांनी घेतलं!"

मी खिशातला रुमाल तिच्या मागून आलेल्या मेधाला दिला. तिनं तो गळ्यात बांधला.

"दीदी, तू पण?" नसरीननं तिला अशी मिठी मारली की दोघी सीटवर कोसळल्या.

मेधा आधी बोलली असती, तर पोर नुसती तिच्या मागं गेली असती. हे मला आता कळतं.

"आजोबा, व्हाय आर यू स्मायलिंग?" नातीनं विचारलं.

मी सांगितलं नाही. दिलेला शब्द म्हणजे शब्द.