हात थांबले तर ओळ राहते

आमच्या प्रकाशनाच्या छोट्या चरित्रमालेत आजवर सत्तरएक पुस्तिका निघाल्या. लेखक, कवी, विचारवंत. प्रत्येकाचं आयुष्य बत्तीस पानांत. शाळांच्या वाचनालयांत त्या असतात, बक्षीस म्हणून दिल्या जातात, आणि मुलांच्या आधी त्यांचे आईबापच त्या वाचून काढतात. यातल्या बहुतेक एकाच बाईंनी लिहिल्या आहेत. मुखपृष्ठावर त्यांचं नाव बारीक टाइपात असतं. मोठा टाइप ज्याचं चरित्र त्याला, असा त्यांचाच आग्रह. छापखान्यात त्यांना सगळे चरित्रबाई म्हणतात आणि खऱ्या नावाला द्यावी तशी त्या या हाकेला ओ देतात.

मी इथला हिशेबनीस. बाई आमच्याकडे आल्या त्या मुद्रितं तपासायला. त्याआधी त्या एका शाळेत भाषा शिकवत. शाळेचे वर्ग कमी झाले तशी त्यांची नोकरी गेली. नवरा घरोघर जाऊन विजेचे मीटर वाचणारा, मुलगी लहान. मुद्रित तपासताना चूक सापडली की त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद दिसे, जणू गहू निवडताना खडा हाती लागला.

पहिलं चरित्र त्यांनी लिहिलं ते अडल्या वेळी. एका नावाजलेल्या गृहस्थांनी एका कादंबरीकाराचं चरित्र लिहून देतो म्हणून थोरल्या मालकांना वर्षभर झुलवलं होतं. शेवटी यंत्र मोकळं झालं, कागद आला, आणि मजकुराचा पत्ता नाही. थोरले मालक डोक्याला हात लावून बसले होते. बाई मुद्रितं ठेवायला आत गेल्या आणि म्हणाल्या, "मी लिहू का?"

"तुम्ही?" मालक म्हणाले. "बाई, तुम्ही कधी काही लिहिलंय का?"

"त्यांनी तरी कुठे लिहिलंय?"

मालकांना हसू आलं, आणि हसलेल्या माणसाला नाही म्हणणं जड जातं.

लिहून झालं, पण ते चांगलं की वाईट हे सांगायला कोणी नव्हतं. म्हणून बाई कागद घेऊन घडीच्या खोलीत गेल्या. या खोलीत छापून आलेले मोठे ताव घडी घालून सोळा-सोळा पानांचे गठ्ठे केले जातात. लांब टेबलं, दोन्ही बाजूंना बायका, प्रत्येकीच्या हातात घडी दाबायची गुळगुळीत पट्टी. ताव ओढायचा, दुमडायचा, पट्टी फिरवायची, पुन्हा दुमडायचा. हात चालू आणि तोंडही चालू. या बायकांची म्होरकी म्हणजे आक्का. हातातला ताव न बघता ती समोरच्या बाईच्या चेहऱ्यावरून तिच्या घरात काय चाललंय ते सांगू शकते.

बाईंनी उभ्यानं वाचायला सुरुवात केली. कादंबरीकाराचा जन्म, शिक्षण, मानसन्मान झाले. हात सपासप चालू होते. मग आलं, की पहिली कादंबरी छापून आली तेव्हा बायकोनं त्याच्याशी बरेच दिवस अबोला धरला होता, कारण त्यातली भांडकुदळ सासुरवाशीण कोण हे तिनं बरोबर ओळखलं होतं. सगळ्या पट्ट्या जागच्या जागी थांबल्या.

"मग?" आक्का म्हणाली. "पुढच्या पुस्तकात तरी सुधारलं का तिला?"

"नाही. पुढच्यात तिला मारूनच टाकलं."

खोलीभर हशा पिकला. बाईंनी तिथे पेन्सिलीची खूण केली. मानसन्मानाचं पान त्यांनी काढून टाकलं आणि अबोल्याला दीड पान दिलं. तेव्हापासून त्यांची हीच रीत पडली: लिहायचं, घडीच्या खोलीत वाचायचं, हात थांबले तर ओळ राहते, नाही थांबले तर जाते. मी एकदा म्हटलं, "जेवणाच्या सुट्टीत वाचा ना." त्या म्हणाल्या, "रिकाम्या हातानं कोणीही ऐकतं, साहेब. त्यात माझी काय परीक्षा?"

"पण तुमच्या वाचनापायी काम मागे पडतं."

"मग काय करू?"

"जरा कंटाळवाणं वाचा."

त्यांनी ते मनावर घेतलं नाही.

वर्षं गेली. बाईंची मुलगी शिकून कामाला लागली. नवरा निवृत्त झाला, आणि घरी बसून त्यांची मुद्रितं वाचून चुका काढू लागला, म्हणजे चूक नसलेल्या ठिकाणी. "आयुष्यभर लोकांचे आकडे वाचले यांनी," बाई म्हणत, "अक्षरांशी नवी ओळख आहे." थोरले मालक थकले आणि त्यांचा मुलगा खुर्चीवर आला. धाकटे मालक कामाला चोख, माणूस म्हणूनही वाईट नाही. फक्त बापाच्या काळात जे जे चालत आलं ते तपासून घ्यावं, असा त्यांचा स्वभाव.

ती तपासायची वेळ एका तत्त्वज्ञावरून आली. बाईंना त्याचं चरित्र लिहायचं होतं. कित्येक वर्षं त्यांच्या मनात ते होतं. बाकीची सगळी चरित्रं याच्यासाठी सराव म्हणून लिहिली असं त्या म्हणत. नाव सांगण्यात अर्थ नाही. ज्यांना ते माहीत आहे त्यांनीही तो वाचलेला नसतो. आयुष्यभर त्यानं एकच जाड पुस्तक लिहिलं. बाजारातली वजनमापं तपासायची नोकरी केली, लग्न केलं नाही, गाव सोडलं नाही.

धाकट्या मालकांनी एका महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवणाऱ्या सरांचा सल्ला घेतला. सर म्हणाले, "या माणसाच्या आयुष्यात काही घडलंच नाही. त्याचा विचार हेच त्याचं चरित्र. बाईंच्या पद्धतीनं ते जमणार नाही. हवं तर मी लिहून देतो."

मालकांनी बाईंना बोलावलं. मीही तिथे होतो.

"बाई, हे पुस्तक सरांना देऊ या. तुम्ही दुसरं कोणीही घ्या."

"दुसरं कोणी नको," बाई म्हणाल्या. "माझं लिहून झालंय."

"पण मुलांना कळेल का? आपल्या घडीच्या बायकांना तरी कळेल का?"

"वाचून बघू."

"ठीक. मी स्वतः येऊन बसतो. एकीचे जरी हात थांबले तरी पुस्तक तुमचं. नाही थांबले, तर कागद सरांकडे. कबूल?"

"कबूल," बाई म्हणाल्या. बाहेर आल्यावर मात्र मला म्हणाल्या, "साहेब, हे गेलं तर मी पुन्हा मुद्रितं तपासायला बसेन. लिहिणार नाही." त्या रागावून बोलत नव्हत्या. सुट्टीचा अर्ज द्यावा इतक्या सरळपणे बोलत होत्या, म्हणून मला जास्त लागलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी घडीच्या खोलीत टेबलाच्या टोकाशी मालकांची खुर्ची मांडली. त्या दिवशी गणिताच्या पुस्तकाचे ताव होते. मालक बसले आणि त्यांनी नजर बायकांच्या हातांवर ठेवली.

बाईंनी सुरुवात त्या माणसाच्या आईपासून केली. म्हातारीचे गुडघे दुखत. मुलगा कामावरून आला की विचारायचा, फार दुखतंय का? आणि ती रोज म्हणायची, "माझं दुखणं तुला काय कळणार!" दुसरा मुलगा असता तर ऐकून जेवायला बसला असता. हा विचार करत बसला. आई म्हणते ते खरं आहे का? तिचा गुडघा मला दिसतो, तिचं कण्हणं ऐकू येतं, पण तिचं दुखणं माझ्यापर्यंत पोचतं का? बाजारातलं प्रत्येक माप मी खऱ्या मापाशी ताडून बघतो. मग दोन माणसांची दुखणी शेजारी शेजारी ठेवून बघायचं माप कुठे आहे? हाच त्याच्या पुस्तकाचा प्रश्न. आईच्या त्या एका वाक्यामागे तो उभं आयुष्य लागला.

खोलीत बोलणं सुरू झालं, अगदी हलक्या आवाजात.

"माझ्या सासूचं दुखणं मला चांगलं कळतं," एक म्हणाली. "ती कळवतेच."

"ते दुखणं नव्हे, ती दवंडी."

"आणि न बोलणारीचं?" तिसरीनं विचारलं. "आमची आई गेली तेव्हा डॉक्टर म्हणाले, हे दुखणं गेलं वर्षभर तरी असणार. आम्ही सगळे एका घरात. कोणाला कळलं?"

बाईंनी पुढचं पान वाचलं. पण हात चालूच होते. ताव ओढला जात होता, दुमडला जात होता, पट्टी फिरत होती. शेवटच्या पानापर्यंत एकही पट्टी थांबली नाही.

मालक उठले. त्यांनाही वाईट वाटलेलं दिसत होतं. "बाई, बघितलंत ना तुम्हीच."

"बघितलं," बाई म्हणाल्या. त्यांनी कागद नीट जुळवले, सुतळीनं बांधले आणि त्याच दुपारी आपल्या हातानं सरांना नेऊन दिले. शब्द दिला होता.

दुसऱ्या दिवशी जुळणीच्या टेबलावर बोंब उठली. जुळणी म्हणजे घडी केलेले गठ्ठे क्रमानं एकावर एक लावणं. गणिताच्या पुस्तकात पान उलटलं की भागाकारानंतर एकदम उत्तरं येत होती आणि उदाहरणं पाठीमागून येत होती. ताव उलटे धरून दुमडले गेले होते. एखाददुसरा नव्हे, चळतच्या चळत. नव्या कामावरच्या मुलीकडूनही अशी चूक होत नाही, आणि इथे तर डोळे बांधून घडी घालणाऱ्या बायका.

धाकटे मालक तावातावानं घडीच्या खोलीत आले. "आक्का, हे काय? सगळ्यांना एकदम काय झालं होतं?"

आक्कानं बिघडलेली चळत उचलली आणि वरून खाली अंगठा फिरवला. "हे एवढे बरोबर आहेत. इथून चुकलं."

"इथून म्हणजे?"

"त्या माणसाची आई बोलायला लागली तिथून."

"अहो, पण मग हात का नाही थांबवलेत? मी त्यासाठीच तर बसलो होतो!"

"तुम्ही समोर खुर्ची टाकून हातांकडे टक लावून बसलात," आक्का म्हणाली. "मालकासमोर हात थांबवायचे? आम्हाला काय नोकरी नको झालीये? हात तुमच्यासाठी चालू ठेवले, मालक. डोकं त्या म्हातारीच्या गुडघ्यात होतं."

कोणीतरी फिसकन हसलं. मालकांनी तिकडे बघितलं, मग चळतीकडे, मग माझ्याकडे. मी नुकसानीचा आकडा सांगायला तोंड उघडलं होतं, ते मिटलं.

"पैजेची अट आम्हाला कोणी सांगितलीच नाही," आक्का पुढे म्हणाली. "सांगितली असती तर पहिल्या ओळीलाच थांबवले असते."

"म्हणूनच नाही सांगितली," दारातून बाई म्हणाल्या. गलका ऐकून त्या मुद्रितांच्या खोलीतून आल्या होत्या.

धाकटे मालक दोषाला दोष म्हणतात, स्वतःच्याही. "खुर्ची मांडली ही माझी चूक," ते म्हणाले. "परीक्षाच चुकली, तर निकाल कसला? पुस्तक तुमचं, बाई. सरांना मी फोन करतो."

फोन करायची वेळ आली नाही. सर दुपारी स्वतःच आले, सुतळीचं बाड काखेत धरून. मला वाटलं, आता वाद होणार. सर मुद्रितांच्या खोलीत बाईंसमोरच्या स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मी याच्यावर वर्षानुवर्षं शिकवतोय, पण त्याच्या आईपर्यंत मी गेलोच नव्हतो. हे तुम्हीच लिहायला हवं. फक्त शेवटची चार पानं चुकलीत."

"कुठे?" बाईंनी पेन्सिल उचलली.

"तुम्ही लिहिलंय, शेवटी तो म्हणतो की दुसऱ्याचं दुखणं कळतच नाही. तसं तो म्हणत नाही. तो म्हणतो, कळलं असं सिद्ध करता येत नाही. पण म्हणून विचारायचं थांबवता येत नाही. या दोन्हींत फार अंतर आहे."

बाईंनी पान पुन्हा वाचलं. मग म्हणाल्या, "बरोबर आहे. मी त्याला उगाच हरवलं."

त्यांनी ती चार पानं बाजूला काढली आणि तिथेच नवीन लिहायला बसल्या. सर एकेक पान होईल तसं वाचत होते. एका ओळीवर त्यांचं बोट थांबलं. ओळ अशी होती: पुस्तक लिहून झाल्यावरही तो आईला रोज तेच विचारत राहिला, आणि शेवटच्या वर्षात तिनं 'तुला काय कळणार' म्हणणं सोडून दिलं होतं.

"हे कशावरून?"

"त्याच्या बहिणीच्या आठवणी छापलेल्या आहेत. त्यात आहे."

"आठवण म्हणजे पुरावा नव्हे, बाई. ही ओळ काढा."

"ओळ काढणार नाही."

"मग खोटं ठरेल."

"सर, तुम्ही पुराव्याशिवाय बोलत नाही, आणि मी माणसाशिवाय लिहीत नाही. थांबा जरा."

बाईंनी कागद आपल्याकडे ओढला आणि ओळीच्या सुरुवातीला दोन शब्द घातले: 'बहीण सांगते'. सरांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि पान उलटं करून झालेल्या पानांवर ठेवलं. तेवढ्यात छपाईचा दिवस ठरवायला धाकटे मालक दारात येऊन उभे राहिले.

"झालं," बाई म्हणाल्या. "न्या."