चाळीस मशीन आणि गायकवाडची यादी

कारखान्यातली माणसं पांगली, फाइली रद्दीत गेल्या, पण किस्से? ते साठतच जातात! त्यातले कॉम्प्युटरचे मी हक्काने सांगते. टायपिस्ट मीच होते ना!

नव्वदीतली गोष्ट. आनंदनगरच्या आमच्या कारखान्यात चाळीस मशीन. प्रत्येक ऑपरेटरला त्यातली तीन-चारच येणार, आणि रोज कोणीतरी दांडी मारणार. मग कोणाला कुठे उभं करायचं? फोरमन म्हात्रेमामा ही जुळणी गेटवर तोंडी करायचे. आमचा गायकवाड, गणितातला बीएस्सी, म्हणाला, "हे कॉम्प्युटर करेल." मॅनेजर म्हणाले, "महिन्याभरात मामांपेक्षा चांगली यादी दाखव. नाहीतर कॉम्प्युटर हेड ऑफिसला आणि तू परत स्टोअरला!"

*

पहिला प्रोग्राम कोण कुठे उभा राहील याचे सगळे प्रकार तपासायचा. सकाळी लावला, सुट्टीचा भोंगा झाला तरी चालूच! मामा डोकावले, "काय रं, झाला का तुजा? पोरा घरी पोचली!"

गायकवाडने उल्हासनगरच्या सिंधी मेकॅनिकला फास्ट कॉम्प्युटर मागितला. तो म्हणाला, "साईं, दस गुना फास्ट दूँ तो भी यही होगा. मशीन नहीं, तरीका बदलो!" धंदा सोडून खरं बोलला हो!

*

मग गायकवाड आठवडाभर गेटवर मामांच्या मागे. एकदा लेथ रिकामा होता आणि मोकळ्या उभ्या पाटीलला लेथ येत नव्हता. मामा ओरडले, "ड्रिलवाला लेथवर, प्रेसवाला ड्रिलवर, आनि पाटील, तू प्रेसवर!"

गायकवाड उडालाच. "सगळे प्रकार कशाला? अशी साखळीच शोधायची! साखळी मिळेनाशी झाली की समजायचं, याहून चांगली यादी नाहीच!"

नवा प्रोग्राम चहा ओतेपर्यंत संपला. आमच्या गेटवर सुचलेली युक्ती ही! मला तर पेढे वाटावेसे वाटले.

*

पण पहिल्याच यादीत सासरा-जावई शेजारी-शेजारी. दोघांत बोलणं बंद! मामा दिवसभर हसत होते. "तुज्या कॉम्प्युटरला लग्नाला बोलवला नव्हता वाटतं!"

*

महिन्याचा शेवटचा दिवस. आमचे बरेच ऑपरेटर राहायचे त्या मांजर्लीत पाणी भरलेलं. बदली ऑपरेटर धरून कसेबसे चाळीस जण आले. मामांच्या यादीत चार मशीन रिकामी. गायकवाडच्या यादीत एक.

मॅनेजर म्हणाले, "एक तरी का? ऑर्डर आजच जायचीय!"

गायकवाडने यादीवर बोट ठेवलं. "साहेब, होणारच नाही. बोअरिंगची तीन मशीन आणि आलेल्यांत ती चालवता येणारे दोघंच."

मॅनेजरनी मामांकडे पाहिलं. मामांनी चष्मा लावला, यादी वाचली, बोटांवर मोजलं.

"पोरगा बराबर बोलतंय," ते म्हणाले. फोरमन होण्याआधी ते बोअरिंगच चालवायचे, पण पंधरा वर्षांत त्यांनी मशीनला हात लावला नव्हता. त्यांनी फोरमनचा कोट खिळ्याला अडकवला, बाह्या वर सारल्या आणि माझ्याकडे वळले.

"बाय, यादीत एक नाव रायलाय. लिवा. म्हात्रे, तिसरा बोअरिंग."