उत्तर टाळते

"घरचंच सॅम्पल आहे की आपल्याकडे. बाहेर कशाला जायचं?"

समाजशास्त्राचे सर चहाचा कप हातात घेऊन शेती विभागाच्या मातीवाल्या सरांना सांगत होते. मी दोन पावलांवर झेरॉक्सचे गठ्ठे लावत होते. मला ऐकू आलं. ते ऐकू गेल्याचं त्यांनाही दिसलं. कुणी आवाज खाली आणला नाही.

यवतमाळातली बैठक. शेती, आरोग्य आणि समाजशास्त्र अशा तीन विभागांनी मिळून एकच प्रश्नावली करायची होती, म्हणजे एकाच बाईला तीन माणसांनी तीनदा छळायला नको. काम चांगलं होतं. म्हणूनच मी संशोधन सहायक म्हणून आले होते. पण सकाळभर तिघांचं जमेना. मातीवाल्या सरांना सातबाऱ्यावरचं नाव हवं, डॉक्टर मॅडमना चुलीपाशी बसलेली बाई, सरांना सगळं कुटुंब. मग ठरलं, एकदा करून बघू. आणि समाजशास्त्राच्या सरांनी मला खुर्चीत बसवलं.

"तू तांड्यातली बाई हो. वऱ्हाडीत बोल हं, खरं वाटलं पाहिजे."

आमचा बंजारा तांडा फुलसावंगीकडचा. बाबांनी मला इंग्रजी शाळेत घातलं, मी वसतिगृहात वाढले. मला नाटक येत नाही. मी याडीची, माझ्या आईची, उत्तरं दिली. तीच मला माहीत होती.

"एवढा ताप होता तर दवाखान्यात का नाही गेलात?"

"कापूस येचाले कोनी नव्हतं ना, मॅडम."

सगळे हसले. "काय गोड बोलते!" मॅडम म्हणाल्या. मग सरांनी कागद बाजूला ठेवला. "आणि दारू कोण गाळतं तुमच्यात?"

फॉर्मवर असला प्रश्न नव्हता.  मी नुसती हसले. त्या हसण्याची लाज अजून जात नाही. आता तर तिचाही कंटाळा आलाय.

त्यानंतर दोन महिने झरी जामणी तालुक्यात फॉर्म भरले. पायी, एकटीने. एका कोलाम आदिवासी वस्तीत एक म्हातारी तूर पाखडत बसली होती. मी विचारलं, घरात शेवटी कोण जेवतं, तोवर काय उरतं? तिने सूप थांबवलं नाही.

"पह्यले तुह्यं सांग, बाई. मंग माह्यं."

हे मला कुठल्याच विभागाने शिकवलं नव्हतं. मी सांगितलं. आमच्याकडे याडी शेवटी जेवते. तोवर भाजी संपलेली असते, ती मिरचीवर भागवते. म्हातारीने ऐकून घेतलं आणि मग माझ्याकडे न बघता बोलत गेली. फॉर्मच्या चौकटी पुरल्या नाहीत. तेव्हापासून प्रत्येक घरात मी आधी माझं सांगायचे, मग विचारायचे. माती असो, ताप असो, घरातलं भांडण असो. तिघांना सकाळभर जे जमलं नव्हतं, ते असं जमत होतं. मी तसं टिपण लिहून पाठवलं. उत्तर आलं नाही.

शेवटच्या बैठकीला मी झरीचे सगळे फॉर्म पिशवीत घेऊन गेले. त्या दिवशी जमा करायचे होते. टेबलावर पद्धतीची नवी पुस्तिका होती. माझं टिपण तिच्यात कुठेच नव्हतं. पण 'भरलेल्या फॉर्मचे उदाहरण' होतं. ताप. कापूस. वय याडीचं, मुलं याडीची. खाली शेरा: 'बाई बुजरी आहे. दारूबद्दल उत्तर टाळते.'

"वाच ना मोठ्याने," सर म्हणाले. "तुझीच तर कमाल आहे ही."

नोकरी कराराची. सरांच्या एका सहीवरची. वर्गात मी कधी हात वर केला नव्हता. उठले तेव्हा फार थकवा आला होता. गप्प बसण्याचाच असावा.

"वाचणार नाही, सर. ती माझी आई आहे. ते पान काढा. आणि पुढच्या घरात दारूचं विचारायचं असेल, तर आधी तुमच्या घरातलं सांगायचं. त्या बाईसमोर. तिन्ही विभागांनी. हे पद्धतीत लिहा. तोवर झरीचा एकही फॉर्म मी देणार नाही."