कानांवर आलेला आळ

रेडिओमामांनी चाळीस वर्षांत एकाही रेडिओला ‘मेला’ म्हटलं नव्हतं. स्वतःच्या कानांना मात्र यंदा त्यांनी मनातल्या मनात ते म्हणून टाकलं होतं. बायको हाका मारून थकायची आणि हे ढिम्म. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याचे कानच गेले तर उरलं काय? दुकानाला कुलूप! ही धास्ती त्यांनी कुणालाही कळू दिली नव्हती.

अशात मास्तरीणबाईंनी आपल्या दिवंगत नवऱ्याचा रेडिओ आणून दिला. काचेच्या व्हॉल्व्हचा, निव्वळ बॅटरीवर चालणारा. त्याला लागणारी नव्वद व्होल्टची बॅटरी आता कुठे मिळायला? मामांनी नऊ-नऊ व्होल्टच्या दहा छोट्या बॅटऱ्या ओळीने जोडल्या. मीटर लावला. चौऱ्याण्णव! खुशीत सेट सुरू केला, तर बातम्या देणारी बाई कुजबुजतेय. बटण शेवटपर्यंत पिळलं तरी तेच. मीटर कशाला खोटं बोलेल? म्हणजे कानच गेले. ‘जरा ऐकून सांगता का,’ असं कुणाला विचारायची लाज वाटली. “ठणठणीत झालाय,” म्हणत त्यांनी रेडिओ बाईंच्या हवाली केला.

आठ दिवसांनी बाई रेडिओ घेऊन पुन्हा दारात.

“मामा, आवाज फार बारीक आहे हो याचा.”

“बारीक? तुम्हालाही बारीक येतो?” मामा ताडकन उठले.

“तुम्हालाही म्हणजे?”

तक्रार ऐकून इतका हरखलेला कारागीर बाईंनी जन्मात पाहिला नसेल. मामांनी रेडिओचं मागचं झाकण काढलं आणि या वेळी सेट चालू ठेवून मीटर लावला. काटा सरळ पासष्टावर! मामांनी कपाळावर हात मारला. बॅटरी मोजायची ती कामाला जुंपून, हे त्यांनी आजवर किती जणांना शिकवलं होतं. कानांच्या धसक्यात स्वतःच विसरले. दहातल्या तीन बॅटऱ्या कामचुकार निघाल्या. रिकाम्या बसल्या की नऊ दाखवायच्या, ओझं पडलं की अंग टाकायच्या. त्या बदलताच काटा अठ्ठ्याऐंशीवर ठाम राहिला आणि गाणं दुकानभर घुमलं.

“बाई, खरं सांगतो,” मामा म्हणाले, “मला वाटलं, माझेच कान गेले.”

बाई मटकन स्टुलावर बसल्या. “अहो, मलाही तेच वाटलं! आठवडाभर रेडिओच्या जाळीला कान लावून बसत होते. सुनेला विचारायची हिंमत होईना. काल तीच म्हणाली, सासूबाई, यात ऐकू तरी काय येतं तुम्हाला?”

दोघंही पोट धरून हसले. मग डोळे पुसत बाई म्हणाल्या, “तरी एकदा दोघांनी डॉक्टरांना कान दाखवून यायचं का?”

“येऊ की,” मामा म्हणाले. “उद्याच जाऊ.” महिनाभर बायकोपुढेही जे तोंडातून निघत नव्हतं, ते किती सहज निघालं.