उलथन्यानं उघडलेली खिडकी

काल ह्यांनी ऑइल पेंटचा डबा उघडला आणि त्या वासासरशी मी थेट माहेरच्या सोप्यात जाऊन पोचले.

माझे वडील, आबा, शिरोलीला फौंड्रीत होते. कुठल्याशा पाडलेल्या बंगल्याची, वर सरकणारी लाकडी खिडकी त्यांनी वखारीतून आणून घराला बसवली होती. मला बघायला पाहुणे येणार म्हणून आदल्या दिवशी त्यांनी तिला तोलून धरणारी दोरी बदलली, काचांच्या फटींत लांबी भरली आणि खिडकी बंद ठेवूनच झकास निळा रंग फासला. रंग वाळला, तशी खिडकी चौकटीला चिकटून बसली.

पाहुणे आले भर दुपारी. त्यात वीज गेलेली. रंगाच्या वासानं सगळ्यांची डोकी उठली, आणि आबा घामाघूम होऊन खिडकीशी झटत होते. मी पोह्यांच्या बश्या घेऊन नुसती उभी.

तेवढ्यात मुलगाच उठला आणि मला म्हणाला, "उलथनं हाय का घरात?"

आमचं पहिलं बोलणं ते एवढंच.

त्यानं उलथन्याचं टोक फटीतून चारी बाजूंनी फिरवलं, खालून हिसका दिला आणि खिडकी धाडकन वर गेली. आबा ओरडले, "पावणं, पोरगा पसंत हाय आमाला!"

मला कुणी विचारलंच नाही, याचा राग मी पुढे बरीच वर्षं पुरवून वापरला. उलथन्याचं टोक मात्र वाकलं ते वाकलंच. आईनं तेच माझ्या संसाराच्या भांड्यांत घातलं.

आज सकाळी हे आमच्या खिडकीशी झटताना दिसले. बंद ठेवूनच रंगवली होती. मी तेच वाकडं उलथनं पुढे केलं.